हॉट डेस्किंग

ऑफिसात कुणाचंच ठरलेलं टेबल नाही, ज्या दिवशी जो येईल त्याने रिकामं दिसेल तिथे लॅपटॉप उघडायचा आणि संध्याकाळी सगळं आवरून जागा मोकळी करून जायचं, या पद्धतीला हॉट डेस्किंग म्हणतात. शेअर्ड डेस्क हे त्याचंच जरा सभ्य नाव. जागा आधी अ‍ॅपवरून बुक करायची असेल तर ते हॉटेलिंग, पण बोलताना लोक सगळ्यालाच हॉट डेस्क म्हणून मोकळे होतात. हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आला तो 2020 च्या कोविड लॉकडाऊननंतर, पद्धत मात्र त्याच्या निदान 25-30 वर्षं आधीची आहे.

नावाचं मूळ साधारणपणे नौदलात सांगतात. पाणबुडीत जागा इतकी कमी की एक खलाशी ड्युटीवर गेला की दुसरा त्याच्याच बंकवर आडवा होतो, अंथरूण गार व्हायच्या आत, म्हणून 'हॉट'. तिथे निदान पाळ्या ठरलेल्या असतात, एक उठणार तेव्हाच दुसरा झोपणार. ऑफिसात तसं नाही आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

सुरुवात ऑडिट आणि कन्सल्टिंगवाल्यांनी केली. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला अर्न्स्ट अँड यंगने शिकागोच्या ऑफिसात हॉटेलिंग आणलं, आणि तिथे ते बसतंही, कारण ही माणसं आठवडाभर क्लायंटकडेच असतात, त्यांची टेबलं खरोखरच रिकामी पडायची. मग 1994 च्या सुमारास शायट डे या जाहिरात कंपनीने लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कमध्ये एकदम टोक गाठलं. कंपनीचे प्रमुख जय शायट यांनी ठरलेल्या जागाच काढून टाकल्या, सकाळी काउंटरवरून लॅपटॉप आणि फोन घ्यायचा आणि कुठेही बसायचं. पण दिलेली यंत्रं पुरेनात, लोक लवकर येऊन लॅपटॉप लपवून ठेवायला लागले, काहींनी तर फायली गाडीच्या डिकीत ठेवून डिकीचंच कपाट केलं. 1998 मध्ये कंपनी नव्या जागेत गेली तेव्हा लोकांना परत आपापली टेबलं मिळाली. त्याच दशकात नेदरलँड्समध्ये इंटरपोलिस या विमा कंपनीने थोडा शहाणा मार्ग घेतला: नुसती टेबलं कमी न करता शांत खोल्या, फोनच्या खोल्या, गप्पांच्या जागा असं कामानुसार वाटप. याला अ‍ॅक्टिव्हिटी बेस्ड वर्किंग म्हणतात. कंपन्या प्रेझेंटेशनमध्ये हे दाखवतात आणि प्रत्यक्षात बऱ्याचदा फक्त टेबलं कमी करतात.

कारण उघड आहे, पैसा. पगारानंतर मोठा खर्च बऱ्याच कंपन्यांना जागेचाच असतो, आणि ऑफिसचे करार 10-15 वर्षांचे असल्यामुळे तो लगेच कमी करता येत नाही. म्हणून 2020 मध्ये ऑफिसं ओस पडली तरी जागा सोडणं पुढची कित्येक वर्षं चालू राहिलं, जसजसा करार संपतो तसतसा एकेक मजला जातो. भरीस भर म्हणजे 2019 पासून आयएफआरएस 16 या हिशेबाच्या नियमाने लांब मुदतीची भाडी ताळेबंदात कर्जासारखी दाखवावी लागतात, म्हणजे रिकाम्या मजल्याचं ओझं शेअरहोल्डरलाही दिसतं. एचएसबीसी बँकेने 2021 मध्ये ऑफिसची जागा सुमारे 40 टक्के कमी करायचं जाहीर केलं आणि 2023 मध्ये लंडनमधला आपला 45 मजली टॉवर सोडून छोट्या इमारतीत जायचं ठरवलं. गूगलनेही 2023 च्या सुरुवातीला क्लाऊड विभागातल्या लोकांना अमेरिकेतल्या काही ऑफिसांत दोघांत एक टेबल वापरायला सांगितलं, एकाने एक दिवस यायचं, दुसऱ्याने दुसऱ्या.

आता गणित. 100 माणसं, प्रत्येकाने आठवड्यात 3 दिवस यायचं, म्हणजे रोज सरासरी 60, थोडी जास्तीची धरून 65 टेबलं पुरे. कागदावर चोख. पण सरासरीने कोणी ऑफिसला येत नाही. शुक्रवारी कुणाला यायचं नसतं, सोमवारीही फारसं नाही, आणि मुळात माणूस ऑफिसला येतो तो बाकीची माणसं भेटावीत म्हणूनच, त्यामुळे सगळे मंगळवार, बुधवार, गुरुवार धरूनच येतात. मग त्या दिवशी 100 टेबलं लागतात, 65 कमी पडतात आणि शुक्रवारी 65 सुद्धा ओसाड. गूगलसारखे दिवस वाटून दिले तर टेबलं पुरतात, फक्त ज्याच्याशी टेबल वाटून घेतलंय तो कधी दिसत नाही. टीम एकत्र बसावी म्हणून 'नेबरहूड' म्हणजे प्रत्येक टीमला ठराविक भाग देतात, हा त्यातला बरा उपाय, पण गर्दीच्या दिवशी तोही भरतो आणि टीममधले दोघं-तिघं दुसऱ्या मजल्यावर कुठेतरी.

रोजचा त्रास बारीकसारीक असतो पण तोच लोकांना चिडवतो. खुर्ची रोज नव्याने खालीवर करायची, मॉनिटरची केबल शोधायची, कालच्या माणसाचे बिस्किटाचे कण झटकायचे. सकाळी येऊन खुर्चीवर जॅकेट टाकायचं आणि मग तासभर मीटिंगला जायचं, हे रुमाल टाकून जागा धरणंच. अ‍ॅपवर बुक करून न येणारे वेगळे, त्यांच्यासाठी वेळेत चेक-इन केलं नाही तर बुकिंग आपोआप रद्द होतं. नवीन लागलेल्या माणसाचं सगळ्यात जास्त नुकसान, कारण शेजारी बसून ऐकत ऐकत शिकायचं असतं ते शेजारी रोज बदलतात.

मोजणं हाही एक भाग आहे. टेबलाखाली सेन्सर लावून कोण किती वेळ बसलं ते पाहतात. लंडनच्या डेली टेलिग्राफ या वर्तमानपत्राच्या ऑफिसात जानेवारी 2016 मध्ये असे सेन्सर लावले तर लोकांनी एवढा आरडाओरडा केला की त्याच दिवशी काढावे लागले. याउलट अ‍ॅमस्टरडॅममधल्या द एज या इमारतीत डेलॉइट या ऑडिट-कन्सल्टिंग कंपनीच्या सुमारे 2,500 लोकांसाठी 1,000 च्या आसपास टेबलं होती आणि दिवसाचं कामाचं वेळापत्रक बघून अ‍ॅपच जागा सुचवायचं, त्याचं मात्र कौतुक झालं. अर्थात तिथेही लोक मुळात कन्सल्टंटच, बाहेर फिरणारे.

काहींना यातून वगळावंच लागतं: शेअर बाजाराच्या ट्रेडिंग फ्लोअरवरचे ज्यांच्यापुढे चार-सहा स्क्रीन असतात ते, लॅबमधले, आणि पाठीच्या किंवा नजरेच्या त्रासामुळे ज्यांना खास खुर्ची नाहीतर खास सेटअप लागतो ते. उलटा प्रवासही झालाय. अ‍ॅमेझॉनने सप्टेंबर 2024 मध्ये पाचही दिवस ऑफिसला यायचा हुकूम काढला तेव्हा अमेरिकेतल्या ज्या ऑफिसांत आधी ठरलेली टेबलं होती तिथे ती परत देऊ असंही त्याच पत्रात लिहिलं होतं.