‘पैसे मिळाले की द्या’: वकिलाच्या टक्केवारीमागचा इतिहास

अपघातात घरचा कर्ता माणूस गेला आणि भरपाईचा दावा लावायची वेळ आली, की त्या बाईला हमखास ऐकायला मिळतं, ‘‘आत्ता काही देऊ नका ताई, पैसे मिळाले की वीस टक्के द्या.’’ हातात दमडी नसते, त्यामुळे हे बोलणं आधारासारखं वाटतं. ती वकीलपत्रावर सही करते. पण निकालावर टक्केवारी ठरवायला आपल्याकडे वकिलाला मनाई आहे, हे तिला कुणी सांगत नाही.

दुसऱ्याच्या दाव्यात पैसा घालून वाटा घेणं इंग्लंडमध्ये पूर्वी गुन्हा होता. तो कायदा भारतात तसाच्या तसा लागू नाही, असं प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या लंडनमधल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, १८७६ मध्ये बंगालमधल्या एका खटल्यात सांगितलं. व्यवहार पिळवणुकीचा नसला म्हणजे झालं. त्यामुळे तिऱ्हाइताने दाव्याला पैसा पुरवणं इथे चालतं.

वकिलाचं मात्र तसं नाही. मुंबई उच्च न्यायालयातून पुढे गेलेल्या एका प्रकरणात वकिलाने वसुलीतला निम्मा हिस्सा स्वतःसाठी लिहून घेतला होता. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. हाच करार वकील नसलेल्या माणसाने केला असता तर कायद्याची हरकत नव्हती, हेही न्यायालयाने नोंदवलं. वकील न्यायालयाला बांधलेला असतो. निकालात त्याचाच पैसा अडकला तर पक्षकाराला सरळ सल्ला कोण देणार? मला हा मुद्दा आजही पटतो. पुढे वकिलांचं नियमन करणाऱ्या बार कौन्सिलच्या नियमांतही ही मनाई आली. इंग्लंडने १९६७ मध्ये दाव्यात वाटा घेण्याचा तो जुना गुन्हाच रद्द केला, अमेरिकेत तर भरपाईच्या दाव्यांत एक तृतीयांश फी सर्रास असते.

तरी आपल्याकडे टक्केवारी तोंडी चालूच राहिली. तेलंगणातल्या एका महिलेचा नवरा १९९८ मध्ये अपघातात गेला. भरपाई मिळाली, वकिलाला लाखांत फी देऊन झाली, तरी त्याने आणखी एका चेकवर सही घेतली. चेक वटला नाही, तेव्हा त्याने तिच्यावरच फौजदारी केली. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तक्रार रद्द केली आणि टक्केवारीची फी करार कायद्याच्या कलम २३ च्या (सार्वजनिक धोरणाविरुद्धचे करार बेकायदा ठरवणाऱ्या) विरुद्ध असल्याचं सांगितलं.

हातात पैसे नसले तरी टक्केवारी हाच मार्ग नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. अर्ज तालुक्याच्या न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे करायचा असतो.