विमा नसलेली गाडी आणि विमा असूनही अट मोडलेली गाडी

"चालकाकडे लायसन नव्हते, म्हणजे विम्याचे पैसे मिळणार नाहीत, मालक देतोय ते घ्या आणि मिटवून टाका." मुंबई-गोवा महामार्गावर अपघात झाला की, मग तो हातखंब्याला असो वा कणकवलीजवळ, जखमीच्या नातेवाइकांना हा सल्ला बहुधा पोलीस ठाण्याच्या आवारातच मिळतो. पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर समजुतीचा कागद होतो आणि लाखोंची भरपाई मिळू शकणारे कुटुंब दवाखान्याच्या बिलापुरते पैसे घेऊन घरी जाते. अपघाताचे दावे चालवताना हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की या सल्ल्याची मला मनापासून चीड येते, कारण त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी एक समजल्या जातात.

थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे त्रयस्थाचे जे नुकसान होते त्याचा विमा, 1988 च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे, हे वाचकाला माहीत असेलच. मृत्यू आणि शारीरिक इजा यांच्या भरपाईला या विम्यात रकमेची कमाल मर्यादा नसते, ती असते मालमत्तेच्या नुकसानीला. त्यामुळे "विमा कमी रकमेचा आहे" ही भीती जखमी माणसाने बाळगण्याचे कारण नाही. "विमा संपला आहे" हे मालकाचे म्हणणेही तपासल्याशिवाय खरे मानू नये. 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला पाच आणि नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. संपलेला असतो तो अनेकदा मालकाच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, एका वर्षाचा भाग.

आता मूळ मुद्दा. अपघाताच्या क्षणी गाडीवर कोणतीच पॉलिसी चालू नसेल, तर ती विमा नसलेली गाडी. अशा वेळी न्यायाधिकरण, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे दावे चालवणारे न्यायालय, भरपाई मंजूर करते, पण ती द्यायची असते चालकाने आणि मालकाने. मालक म्हणजे नोंदणी पुस्तकात ज्याचे नाव आहे तो. गाडी विकली पण नाव बदलले नाही, ही सबब सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीन कुमार प्रकरणात नाकारली आहे. खरी अडचण निकालानंतर, दरखास्तीच्या म्हणजे प्रत्यक्ष वसुलीच्या वेळी येते. आपल्याकडे मालकाच्या नावावर जमीन दिसते, परंतु त्याच सातबाऱ्यावर चुलते, आत्या आणि मुंबईतील भाऊबंद अशी दहा-बारा नावे असतात, वाटप झालेले नसते आणि जप्तीचे काम वर्षानुवर्षे रेंगाळते. म्हणून अशा प्रकरणात पहिल्याच दिवसापासून लक्ष ठेवायचे ते ठाण्याच्या आवारात उभ्या असलेल्या त्या गाडीवर. पुरेसे तारण दिल्याशिवाय विमा नसलेली गाडी मालकाला सोडू नये आणि तारण न आल्यास ती विकून रक्कम न्यायाधिकरणात जमा करावी, असा नियम सर्व राज्यांनी करावा, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये उषा देवी प्रकरणात सांगितले आहे. गाडी सोडण्याचा अर्ज आला की जखमीच्या वकिलाने तेथे हजर राहून हरकत घेतलीच पाहिजे.

दुसरी गोष्ट सर्वस्वी वेगळी आहे. पॉलिसी चालू आहे, पण चालकाकडे लायसन नव्हते, त्याची मुदत संपली होती किंवा गाडीला परमिट नव्हते. येथे भंग झाला तो मालक आणि विमा कंपनी यांच्यातील कराराचा, आणि रस्त्याने चाललेला माणूस त्या करारात कोठेही नसतो. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने 2004 च्या स्वर्ण सिंग निकालात दोन गोष्टी स्पष्ट केल्या. मालकाने जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे अट मोडली, हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची. आणि ते सिद्ध झाले तरी न्यायाधिकरण कंपनीला आधी जखमीचे पैसे भरण्याचा व मग ते मालकाकडून वसूल करण्याचा आदेश देऊ शकते. त्या वसुलीसाठी कंपनीला वेगळा दावाही लावावा लागत नाही. म्हणजे दहा नावांच्या सातबाऱ्यामागे धावण्याचे काम जखमीऐवजी किंवा मृताच्या विधवेऐवजी कंपनीच्या वकिलाकडे जाते. दोन प्रकारांत एवढे मोठे अंतर आहे. शिवाय कित्येकदा अट मोडलेलीच नसते. हलक्या वाहनाच्या लायसनवर 7,500 किलोपेक्षा कमी एकूण वजनाचा मालवाहू टेम्पो चालवता येतो, हे नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानेच मान्य केले आहे.

सीमारेषेवरची प्रकरणे कागद पाहूनच ठरतात. पॉलिसीवर तारखेसोबत वेळही छापलेली असते. अपघात सकाळी अकराचा आणि पॉलिसी दुपारी चारची असेल, तर ती गाडी विमा नसलेलीच. हप्त्याचा धनादेश वटला नाही, पण पॉलिसी रद्द केल्याचे कंपनीने अपघातापूर्वी मालकाला कळवले नव्हते, तर त्रयस्थाला कंपनीच पैसे देते. मात्र जत्रेला किंवा लग्नाला मालवाहू टेम्पोत बसून गेलेली माणसे, तसेच नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असलेल्या दुचाकीवर मागे बसलेला माणूस, यांची जोखीम त्या गाडीच्या विम्यात मुळातच नसते. धडक दुसऱ्या वाहनाच्या चुकीने झाली असेल, तर त्या वाहनाच्या कंपनीसाठी ते त्रयस्थच राहतात.

पळून गेलेल्या अज्ञात वाहनासाठी मृत्यूस दोन लाख आणि गंभीर दुखापतीस पन्नास हजार रुपये मिळतात. गाडीचा शोध लागला की तो मार्ग बंद होतो.

तेव्हा तडजोडीच्या कागदावर सही करण्याआधी एमएच 08 असो वा एमएच 07, गाडीचा क्रमांक परिवहन विभागाच्या अ‍ॅपवर टाकून विम्याची मुदत पाहावी आणि पोलिसांकडून पॉलिसीची प्रत मागून घ्यावी. 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करायचा असतो. तो अपघात घडला त्याच जिल्ह्यात लावावा लागतो असेही नाही. गणपतीला गावी येताना कणकवलीजवळ जखमी झालेला चाकरमानी, राहायला ठाण्यात असेल तर ठाण्याच्या न्यायाधिकरणातही तो लावू शकतो.