बारा मिनिटांवरून सहा मिनिटांवर

छातीवर बोटांनी ठोकून आतला आवाज ओळखण्याची रीत व्हिएन्नाच्या लिओपोल्ड आउएनब्रुगर यांनी १७६१ मध्ये छापून प्रसिद्ध केली. १८१६ मध्ये पॅरिसच्या रने लेनेक यांना कागदाच्या सुरळीतून स्टेथोस्कोप सुचला. १८४६ मध्ये लंडनच्या जॉन हचिन्सन यांनी फुंकीतली हवा मोजणारा स्पायरोमीटर मांडला. मात्र या तिन्ही तपासण्या रुग्ण एका जागी असतानाच्या. घरच्यांची तक्रार वेगळीच असते: ‘बसले की ठीक असतात हो, पण जिना चढले की धाप लागते.’

या तक्रारीचे मोजमाप म्हणजे सहा मिनिटांत रुग्ण किती अंतर चालतो ते बघणारी चाचणी, आणि ती आली ती थेट धावपटूंच्या दुनियेतून. अमेरिकेत ब्रूनो बाल्के यांनी १९६३ मध्ये ठरावीक वेळात माणूस किती अंतर कापतो यावरून तंदुरुस्ती जोखायची सोपी पद्धत सांगितली. १९६८ मध्ये केनेथ कूपर यांनी हवाई दलातल्या जवानांसाठी बारा मिनिटांची धाव रूढ केली. १९७६ मध्ये संशोधक मॅकगॅविन आणि सहकाऱ्यांनी तीच बारा मिनिटे जुनाट ब्राँकायटिसच्या (श्वासनलिकांना सूज असलेल्या) रुग्णांना दिली, फक्त धावण्याऐवजी चालायला सांगून. लागते काय, तर एक व्हरांडा आणि घड्याळ. दम लागला तर थांबा, पुन्हा निघा.

तरी धाप लागलेल्या माणसाला बारा मिनिटे म्हणजे शिक्षाच. १९८२ मध्ये संशोधक बटलंड आणि सहकाऱ्यांनी दोन, सहा आणि बारा मिनिटांचे निकाल ताडून पाहिले. ते एकमेकांशी चांगले जुळले, आणि मधली सहा मिनिटे टिकली.

मग एक गमतीशीर अडचण पुढे आली. संशोधक गायट यांनी १९८४ मध्ये दाखवले की, चालताना प्रोत्साहन दिले तर रुग्ण सरासरी ३० मीटर जास्त चालतो. औषधाने पडेल एवढा फरक नुसत्या ‘शाब्बास’ने पडत असेल, तर चाचणीवर भरवसा कसा ठेवायचा? म्हणून अमेरिकन थोरॅसिक सोसायटी या छातीच्या आजारांवरील तज्ज्ञांच्या संघटनेच्या २००२ च्या नियमावलीत दर मिनिटाला काय बोलायचे, तेही ठरवून दिले आहे. व्हरांडा सरळ आणि ३० मीटरचा हवा.

सुरक्षिततेचे नियमही त्यातच आहेत. गेल्या महिन्याभरात हृदयविकाराचा झटका आला असेल किंवा अँजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणे) बळावला असेल, तर चाचणी नाही. बसल्या जागी नाडी १२० च्या वर किंवा वरचा रक्तदाब १८० च्या वर असेल, तर आधी डॉक्टरांनी विचार करायचा. छातीत दुखले, तोल गेला, घाम फुटून चेहरा पांढरा पडला की लगेच थांबवायचे. २०१४ च्या युरोपीय-अमेरिकी मानकांनी चालण्याच्या पूर्ण वेळात बोटाला ऑक्सिमीटर (रक्तातला ऑक्सिजन मोजणारे यंत्र) ठेवायला सांगितले. कारण काहींचा ऑक्सिजन चालतानाच खाली जाऊन थांबताच सावरतो, मग शेवटचा आकडा फसवा ठरतो. ८० टक्क्यांच्या खाली गेला की चाचणी थांबते.

एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाने हीच सहा मिनिटे घरोघरी नेली. बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, घरातच चालायचे, पुन्हा आकडा बघायचा. साठीपुढच्यांना तीनच मिनिटे, आणि दमा असलेल्यांनी करूच नये, अशी सूचना होती. रुग्णालयात मात्र दमेकऱ्यांचीही चाचणी होते. तिथे शेजारी कुणीतरी उभे असते, आणि ऑक्सिजनची टाकी हाताशी असते.