डिफ्यूजर लावला म्हणजे प्रकाश मऊ झाला?

फ्लॅशवर डिफ्यूजर, म्हणजे पांढरी प्लॅस्टिकची टोपी, चढवली की प्रकाश मऊ होतो, हा समज जुना आहे आणि चुकीचा आहे. सावलीची कड किती मऊ पडेल हे प्लॅस्टिकच्या दुधाळपणावर नाही, तर चेहऱ्याच्या जागेवरून प्रकाशाचा उगम केवढा दिसतो यावर ठरतं. फ्लॅशचं तोंड साधारण ७ सेंमी रुंद असतं. टोपी घालूनही ते जवळपास तेवढंच राहतं.

मग खोलीत फरक का दिसतो? टोपी प्रकाश चहूकडे फेकते, तो छताला आणि भिंतींना आपटून परत येतो व सावल्या भरून काढतो. मऊपणा छताचा, श्रेय टोपीला. मोकळ्या मैदानात प्रकाश परत पाठवायला काहीच नसतं. तिथे सावली धारदारच राहते, एक-दोन स्टॉप (एका स्टॉपला प्रकाश निम्मा होतो) प्रकाश मात्र वाया जातो आणि बॅटरी लवकर उतरते. बाहेर टोपी काढूनच ठेवा.

छत पांढरं आणि तीनेक मीटरवर असेल तर टोपीशिवाय फ्लॅशचं डोकं वर, किंचित मागे वळवा. कॅमेऱ्यावर आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ८००, लेन्सचं छिद्र एफ/४, इथपासून सुरुवात करा. छत रंगीत असेल तर तोच रंग त्वचेवर उतरतो.

छतच नसेल तर उगम खरोखर मोठा करावा लागतो: ६० सेंमीचा सॉफ्टबॉक्स (फ्लॅशवर बसवायची, पुढे पांढरा पडदा असलेली पेटी), चेहऱ्यापासून मीटरभर. तोच ३ मीटरवर नेला तर मीटरभरावरच्या २० सेंमीच्या उगमाइतकाच कडक होतो. सॉफ्टबॉक्सच्या आत मात्र टोपी खरंच कामाची असते, कारण ती प्रकाश पडद्यावर समान पसरवते; नाहीतर मधोमध भगभगीत डाग पडतो.