एका फुप्फुसावर गायलेला लेन्स्की

मॉस्कोच्या बोल्शोई थिएटरचे प्रसिद्ध टेनर, म्हणजे ऑपेरातील उंच पट्टीचे पुरुषगायक, सेर्गेई लेमेशेव 1942 ते 1948 या काळात एकाच कार्यक्षम फुप्फुसाच्या आधारावर गात होते. ही हकीकत बहुधा चमत्कार म्हणूनच सांगितली जाते. मला ते त्यांच्यावर अन्यायकारक वाटते, कारण गळा, श्वास आणि ध्वनी यांचे शास्त्र पाहिले तर या चमत्कारामागे वीस वर्षांची विद्या दिसते.

लेमेशेव यांचा जन्म 1902 मध्ये त्वेर प्रांतातील एका खेड्यात, गरीब शेतकरी कुटुंबात झाला. लहानपणीच वडील गेले आणि पोटासाठी त्यांना पीटर्सबर्गमध्ये चांभारकाम शिकावे लागले. क्रांतीनंतर घोडदळाच्या शाळेत असताना त्यांच्या आवाजाकडे लक्ष गेले आणि 1921 मध्ये ते मॉस्को कॉन्झर्व्हेटरी या संगीत महाविद्यालयात दाखल झाले. नाट्यदिग्दर्शक स्तानिस्लाव्स्की यांच्या ऑपेरा स्टुडिओत त्यांनी चायकोव्हस्कीच्या ‘येवगेनी ओनेगिन’मधील तरुण कवी लेन्स्की उभा केला, आणि हीच भूमिका पुढे आयुष्यभर त्यांची ओळख बनली. स्वेर्दलोव्स्क, हार्बिन आणि तिफ्लिस इथली उमेदवारी संपवून ते 1931 मध्ये बोल्शोईत आले.

जर्मन फौजा मॉस्कोच्या वेशीपर्यंत आल्या त्या 1941 च्या शरद ऋतूत त्यांना न्यूमोनिया झाला आणि त्यापाठोपाठ क्षय. क्षयावर गुणकारी औषध तेव्हा नव्हते. ज्या स्ट्रेप्टोमायसिनने पुढे चित्र पालटले, ते अमेरिकेत 1943 मध्ये सापडले. तोवरचा उपाय इटलीच्या कार्लो फोर्लानिनी यांनी 1882 मध्ये सुचवला होता. दोन बरगड्यांमधून पोकळ सुई घालून फुप्फुसाभोवतीच्या आवरणाच्या दोन पदरांमध्ये हवा सोडायची. तिथला दाब एरवी बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, म्हणूनच फुप्फुस ताणलेले राहते. हवा शिरली की ते आक्रसते, त्यात क्षयाने पडलेल्या पोकळ्या मिटतात आणि त्याला विश्रांती मिळते. सोडलेली हवा हळूहळू रक्तात शोषली जात असल्यामुळे ती ठरावीक काळाने पुन्हा भरावी लागे. म्हणजे एक फुप्फुस महिनोन्‌महिने मुद्दाम मिटलेले ठेवायचे, आणि अशा अवस्थेत हा माणूस रंगमंचावर उभा राहत होता.

निरोगी पुरुष खोल श्वास घेऊन सुमारे पाच लिटर हवा बाहेर सोडू शकतो. एका फुप्फुसाच्या वाट्याला दोन-सव्वादोन लिटर येतात. शिकलेला गायक स्वर लावताना दर सेकंदाला साधारण 150 मिलिलिटर हवा खर्च करतो. त्या हिशेबाने दोन लिटर 13 सेकंद पुरतील, आणि सगळी हवा संपेपर्यंत कोणी गात नाही हे धरले तरी आठ-नऊ सेकंदांची ओळ हाती उरते. नीट आखलेल्या बहुतेक ओळी तेवढ्यात बसतात. दमसास म्हणजे छातीत मावणारी हवा, असे आपण समजतो. प्रत्यक्षात तो ती हवा काटकसरीने वापरण्याचा प्रश्न असतो. स्वरतंतू कंपनाच्या दर आवर्तनात पुरते मिटत असतील, तर हवा वाया जात नाही.

खरी अडचण दाबाची होती. हळुवार स्वराला स्वरतंतूंखाली जेमतेम 10 सेंटीमीटर पाण्याच्या स्तंभाइतका दाब लागतो, तर जोरकस उंच स्वराला 40 च्या आसपास. छाती पूर्ण भरलेली असताना फुप्फुस आणि बरगड्या स्वतःच्या लवचिकपणानेच हळुवार स्वराला हवा त्यापेक्षा बराच अधिक दाब देतात. त्यामुळे गायकाला श्वास आत घेण्याच्या स्नायूंनी त्या दाबाला आवर घालावा लागतो, आणि हवा संपत येताच पोटाच्या स्नायूंनी तो उलट वाढवावा लागतो. पेटीचा भाता लहान केला तर हाताची चाल जशी अधिक जपावी लागते, तसेच इथे घडते: तेवढीच हवा एका फुप्फुसातून काढताना त्याचा ताण जवळपास दुप्पट वेगाने बदलतो. लेमेशेव यांची ख्याती नेमकी हळुवार, लांबवलेल्या स्वरांसाठी होती आणि त्यांनाच हा आवर सर्वाधिक लागतो, हे लक्षात घेतले की त्या वर्षांचे मोल कळते.

मग सुमारे दोन हजार श्रोत्यांच्या सभागृहात मायक्रोफोनशिवाय, वाद्यवृंदावरून आवाज पोहोचत कसा होता? स्टॉकहोमचे संशोधक योहान सुंडबर्ग यांनी 1970 च्या दशकात याची उकल केली. वाद्यवृंदाची शक्ती 500 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 500 कंपनांच्या, आसपास एकवटलेली असते आणि वर ती झपाट्याने घटते. कसलेला पुरुषगायक स्वरयंत्राच्या वरची नळी अरुंद आणि घसा रुंद ठेवून 3000 हर्ट्झच्या जवळपास आपल्या आवाजाची शक्ती गोळा करतो. तिथे वाद्ये क्षीण आणि आपला कान तीक्ष्ण. या युक्तीला जादा हवा लागत नाही. ती घशाच्या आकारातून साधते.

शरीरानेही साथ दिली असणार. हवा न मिळणाऱ्या भागाकडचा रक्तप्रवाह फुप्फुस आपोआप कमी करते आणि रक्त चांगल्या भागाकडे वळवते. फॉन ऑइलर आणि लिल्येस्ट्रांड या स्वीडिश शरीरशास्त्रज्ञांनी हे 1946 मध्ये मांजरांवरील प्रयोगांत दाखवले, म्हणजे लेमेशेव गात होते त्याच काळात.

याच वर्षांत त्यांनी ‘स्नेगुरोच्का’सह अनेक ऑपेरांची ध्वनिमुद्रणे केली. पुढे ते ऑपेरांचे दिग्दर्शन करू लागले, कॉन्झर्व्हेटरीत शिकवू लागले, आणि 1972 मध्ये सत्तराव्या वर्षी बोल्शोईत पुन्हा लेन्स्की गायले; तोवर ही भूमिका त्यांनी पाचशेहून अधिक वेळा केली होती. त्या वयात बरगड्यांचा पिंजरा कडक होतो, स्वरतंतू पातळ होतात आणि श्वासाची क्षमता तरुणपणापेक्षा लिटरभराने तरी कमी झालेली असते. थोड्या हवेत ओळ पुरी करण्याची सवय मात्र त्यांना तीस वर्षांपूर्वीच लागली होती.