सोलर कीमार्क: चाचणी पास होऊनही अर्ज का अडकतो?

युरोपात सोलर वॉटर हीटर किंवा कलेक्टर (उन्हाची उष्णता गोळा करणारा भाग) विकायला निघालेल्या कारखानदाराला पहिला प्रश्न येतो तो सोलर कीमार्कचा, म्हणजे माल युरोपीय मानकांप्रमाणे तपासला असल्याच्या चिन्हाचा. हे चिन्ह कायद्याने सक्तीचे नाही, पण जर्मनीसारख्या देशात ग्राहकाला सरकारी अनुदान मिळायचे तर ते लागते, त्यामुळे व्यवहारात त्यावाचून दार उघडत नाही. सीई हे युरोपातले कायदेशीर चिन्ह वेगळे, कीमार्क वेगळा. आपल्याकडचे आयएसआय चिन्ह आणि आयएस १२९३३ या कलेक्टरच्या भारतीय मानकाचा अहवालही इथे चालत नाही.

अर्ज कोणत्याही देशातला उत्पादक करू शकतो. दुसऱ्याकडून माल बनवून घेऊन स्वतःच्या नावाने विकणाराही करू शकतो, मात्र मूळ उत्पादकाशी झालेला करार आणि तोच माल असल्याचा पुरावा जोडावा लागतो. अर्ज प्रमाणन संस्थेकडे जातो, उदाहरणार्थ जर्मनीतील डिन सर्टको. फॉर्म भरणे सोपे आहे. पुढचे नीट वाचा.

सगळ्यात जास्त पैसा वाया जातो तो नमुन्यावर. कारखान्यात खास काळजीने एक कलेक्टर बनवतात, पेटीत घालून प्रयोगशाळेला पाठवतात, उत्तम अहवाल येतो, आणि प्रमाणन संस्था तो बाजूला ठेवते. नमुना निवडण्याचा अधिकार अर्जदाराचा नाहीच. निरीक्षक कारखान्यात येतो, चालू उत्पादनातून किंवा गोदामातल्या साठ्यातून स्वतः नग निवडतो, खूण करतो, आणि त्या निवडीचा कागद अर्जाला जोडला जातो. म्हणजे आधी प्रमाणन संस्थेशी बोलणे, मग निरीक्षक, मग चाचणी. कृपा करून हा क्रम उलटवू नका. प्रयोगशाळेला आयएसओ १७०२५ (चाचणी प्रयोगशाळांच्या क्षमतेचे मानक) ची मान्यता हवीच, शिवाय ती कीमार्कसाठी स्वीकारलेली आहे का, हे आधी लेखी विचारून घ्या. एनएबीएलचा (प्रयोगशाळांना मान्यता देणारी भारतीय संस्था) दाखला बघून गृहीत धरू नका.

दुसरा घोळ मानकाचा. नुसत्या कलेक्टरसाठी ईएन १२९७५, आणि टाकी व कलेक्टर एकत्र असलेल्या, कारखान्यात जुळवलेल्या संचासाठी ईएन १२९७६. पुण्या-नाशकाच्या गच्च्यांवर दिसणारा, पंपाशिवाय चालणारा संच दुसऱ्या प्रकारात येतो. कलेक्टरचे प्रमाणपत्र घेतले म्हणून संच प्रमाणित होत नाही. एकाच बनावटीच्या कलेक्टरचे लहान-मोठे आकार असतील तर प्रत्येकाची पूर्ण चाचणी लागत नाही. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आकाराची कार्यक्षमता तपासतात आणि टिकाऊपणाच्या चाचण्या मोठ्यावर होतात. पण मधल्या एखाद्या आकारात काच, पत्रा किंवा इन्सुलेशन वेगळे असेल तर तो त्या 'कुटुंबा'तून, म्हणजे एकत्र धरलेल्या गटातून, बाहेर.

मुदतीचा हिशेब तर हमखास चुकतो. आयएसओ ९८०६ या कलेक्टर-चाचणीच्या मानकाप्रमाणे कलेक्टर पाणी न भरता किमान ३० दिवस उन्हात ठेवतात. लोक महिना धरतात आणि गिऱ्हाइकाला तारीख देऊन बसतात. त्या दिवसांत ठरलेल्या प्रमाणात सौर ऊर्जाही जमा व्हावी लागते. ढगाळ हवेत ही बेरीज भरत नाही आणि मुक्काम लांबतो. कार्यक्षमतेच्या स्थिर पद्धतीच्या चाचणीलाही चौरस मीटरला ७०० वॉटच्या वर ऊन लागते. युरोपातल्या हिवाळ्यात हे किती अवघड आहे ते समजून घ्या आणि नमुने वसंतात पोचतील असे बघा.

नापास होतात ते कुठे? कोरडा कलेक्टर १,००० वॉट उन्हात तापला की ऊन शोषणाऱ्या चांगल्या लेपाच्या सपाट प्लेटचे तापमान २०० अंशांच्या आसपास जाते. पीयूएफ (पॉलियुरेथेन फोमचे इन्सुलेशन) अशा वेळी टिकत नाही. खनिज लोकरीतला डिंकासारखा बंधक उडून काचेच्या आतल्या बाजूला पांढरा थर देतो. त्यानंतर तापलेल्या प्लेटमध्ये गार पाणी सोडतात, तेव्हा कच्चे ब्रेझिंग, म्हणजे नळ्यांचे धातूचे जोड, उघडे पडते. पावसाच्या चाचणीत गॅस्केटचे कोपरे गळतात. हे सगळे कारखान्यातच, साध्या उन्हात, आधी करून बघता येते. कराच.

जुना अहवाल वापरणाऱ्यांनी क्षेत्रफळाकडे लक्ष द्यावे. पूर्वी आकडे ॲपर्चर एरियावर, म्हणजे ऊन आत शिरते तेवढ्याच क्षेत्रावर, असत, आता ग्रॉस एरियावर, म्हणजे चौकटीसकट. तेवढीच उष्णता मोठ्या क्षेत्राने भागल्यावर कार्यक्षमता कमी दिसते. अर्जात, लेबलवर आणि माहितीपत्रकात दोन वेगळी क्षेत्रफळे पडली की अर्ज परत येतो.

कागद: मापांसह आराखडे, प्रत्येक भागाचे साहित्य आणि पुरवठादार, उत्पादन नियंत्रणाची लेखी पद्धत, लेबलचा नमुना आणि बसवणीची पुस्तिका. ही पुस्तिकाच बहुतेकांकडे नसते, असते ती जाहिरात. तिच्यात कमाल दाब, वजन, वारा आणि बर्फाचा भार, कोरड्या अवस्थेतले कमाल तापमान, हे सगळे लागते. आयएसओ ९००१ असल्याचा फायदा होतो, पण कारखान्याची पाहणी टळत नाही.

प्रमाणपत्रासोबतच्या तक्त्यात अथेन्स, डाव्होस, स्टॉकहोम आणि वुर्त्सबुर्ग या चार गावांसाठी कलेक्टरच्या २५, ५० आणि ७५ अंश तापमानाला मिळणारे वार्षिक उष्णता-उत्पादन छापलेले असते. ते आकडे उचलून सोलापूरच्या गिऱ्हाइकाला दाखवू नका.

प्रमाणपत्र मिळाले तरी कारखान्याची पाहणी दरवर्षी होते, आणि मालाची प्रत्यक्ष तपासणी दोन वर्षांतून एकदा. काचेच्या नळ्यांचा पुरवठादार बदलला, लेप बदलला, तर आधी कळवायचे. स्वस्त माल मिळाला म्हणून परस्पर बदल केला आणि निरीक्षकाच्या हाती तो नग लागला, तर परवाना धोक्यात येतो.

नियम जाचक वाटला तर दाद मागायची जागा आहे. २००३ च्या सुमारास युरोपातील सौर उष्णता उद्योगाची संघटना आणि युरोपीय मानक समिती यांनी मिळून ही योजना उभी केली. सोलर कीमार्क नेटवर्कमध्ये उत्पादक, प्रयोगशाळा, निरीक्षक आणि प्रमाणन संस्था एकत्र बसून नियमांचा अर्थ ठरवतात, आणि चाचणी-पद्धतींवरच्या संशोधनासाठी उद्योगाच्याच वर्गणीतून सोलर सर्टिफिकेशन फंड चालतो. नेटवर्कचे निर्णय नियमपुस्तिकेइतकेच बंधनकारक धरले जातात. म्हणून अर्जाआधी पुस्तिकेची चालू आवृत्ती आणि निर्णयांची यादी दोन्ही मागवा, कारण प्रयोगशाळेतल्या ओळखीच्या माणसाने तोंडी सांगितलेला नियम जुना असू शकतो.