मुळ्याच्या बीचं रीबाँडिंग

परवा फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड आला, गजकर्णावर मुळ्याच्या बिया वाटून लावा, तीन दिवसांत साफ. खाली लगेच हात जोडलेले आणि फुलं. गजकर्ण म्हणजे कातडीवरची बुरशी, ते झालं असेल तर स्किनच्या डॉक्टरकडे जा बाबांनो. पण मुळ्याच्या बीत बुरशीला भिडणारं काहीतरी खरंच असतं आणि ते त्या फॉरवर्डपेक्षा कितीतरी भारी आहे, म्हणून हे टाइप करतोय.

बी मातीत फुगलं, साल तडकलं की आतलं एक प्रोटीन बाहेर झिरपतं. लॅबच्या प्लेटमध्ये तर नुसत्या डोळ्यांनी दिसतं, सगळीकडे बुरशीचा कापूस आणि बीभोवती तेवढं गोल रिंगण स्वच्छ. आपण पेरणीआधी बियाण्याला औषध चोळतो, हे बी आपली बीजप्रक्रिया आपणच उरकतं.

प्रोटीनचं नाव डिफेन्सिन. इवलंसं, ५१ अमिनो आम्लांची माळ (हिमोग्लोबिनमध्ये ५७४ असतात). त्यातली ८ सिस्टीन, म्हणजे गंधकवाली. दोन सिस्टीन समोरासमोर आली की गंधकाला गंधक चिकटतो, डायसल्फाइड बंध. पार्लरमध्ये केसांचं रीबाँडिंग करतात ना, ते हेच बंध तोडून पुन्हा जोडणं. इथे जोड्या ठरलेल्या: पहिली आठवीशी, दुसरी पाचवीशी, तिसरी सहावीशी, चौथी सातवीशी. आता गंमत बघा, तिसरी आणि चौथी बसतात माळेच्या स्प्रिंगसारख्या वळलेल्या भागावर (अल्फा हेलिक्स) आणि त्यांच्या जोडीदारणी शेजारच्या पट्टीसारख्या ताणलेल्या भागावर (बीटा पट्टी), त्यामुळे स्प्रिंग पट्टीला दोन टाके घालून शिवल्यासारखी होते, आणि पहिली-आठवीची गाठ माळेची दोन्ही टोकं एकत्र बांधते, म्हणजे प्रोटीन कुरतडणाऱ्या एन्झाइमला धरायला सुटा धागाच सापडत नाही. हे बंध उसवले की बुरशीला मारायची ताकद गेली.

मग हे मुळ्यालाच का मारत नाही? डिफेन्सिन बुरशीच्या पेशीच्या पडद्यातल्या ग्लुकोसिलसेरामाइड नावाच्या स्निग्ध पदार्थाला चिकटतं. तो झाडांत असतो, आपल्यातही असतो, पण बुरशीवाल्याच्या नवव्या कार्बनवर एक मिथाइल गट जास्तीचा असतो. वनस्पतीचा किंवा माणसाचा नमुना दिला तर प्रोटीन ढुंकूनही बघत नाही. बुरशीला चिकटलं की तिच्या पेशीतून पोटॅशियम बाहेर, कॅल्शियम आत, सगळा कारभार बिघडतो.

आणि ज्या यीस्टमधून हा स्निग्ध पदार्थ बनवणारा जीनच काढून टाकला, त्याचं हे प्रोटीन काहीही वाकडं करू शकलं नाही.